दिवाणजींचं दार

मिस्त्री म्हणाला, "पहले बिल्ली का नाप दो."
मग शिलाईची टेप घेऊन मी दिवाणजींच्या मागे
पलंगाखाली, गव्हाच्या पिंपाआड, शेवटी फ्रिजवर.
खांदे साडेचार इंच. मिशा धरून सहा.

ग्वाल्हेरच्या जानेवारीत नवा गुडघा ठणकतो.
रात्री तीनला उठून कडी काढणं होत नाही,
आणि यांना ऐकू येत नाही –
निदान तीनला तरी.

या सागवानी दाराला सासऱ्यांनी
कधी खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.
करवतीतून पडलेला चौकोन मी धुतला,
दुधाच्या पातेल्यावर ठेवला. नेमका बसला.

दिवाणजी आले. झडप हुंगली.
पंजाने जरा उचलून पाहिली,
सहीआधी कागद उलटून बघावा तशी.
आणि बसून राहिले,
कडीकडे बघत.

आठ दिवस झाले.
झडपेतून आत येतं धुकं,
गजकवाल्याची हाक,
शेजारच्या गुड्डनचा हात, वाटीसकट:
"आंटी, थोड़ी चीनी?"

तीन वाजता मी उठते.
काठी, भिंत, काठी.
कडी काढते.
ते आत येतात, माझ्याकडे न बघता,
गार शेपटी पोटरीला घासून.