लधारामच्या पाट्या

पहिली पाटी पत्र्याची, दीड फूट बाय एक.
'सिंधी पापड' एवढंच लिही म्हणाला.
नाव घालू काय विचारलं, तर हसला,
नाव कोण तळून खातंय इथं?

शिकारपूर सुटलं तेव्हा तो बापाच्या खांद्यावर.
वळिवड्याच्या छावणीत जी बराक मिळाली
तिथं आधी पोलंडची माणसं राहून गेलेली.
भिंतीवर कुणा पोराची उंची मोजल्याच्या रेघा होत्या.
आईनं त्याच रेघांना पाठ लावून
ह्याला उभा केला म्हणे, दर दिवाळीला.

मग भाड्याच्या सायकली. मग स्टोव्ह-दुरुस्ती.
मग गंगावेशीत कटपीसचं दुकान, ते पुरात गेलं.
पाटी तेवढी शुक्रवार गेटजवळ सापडली.
मी धुऊन परत रंगवली, पैसे घेतले नाहीत.
आठ वर्षांनी माझ्या पोरीच्या मांडवाला
त्याच्याकडनं कापड आलं, बिल आलं नाही.

आमच्यासारखंच बोलायचा,
'ळ' तेवढा त्याला कधी घावला नाही.
आणि निवडणुकीत निशाणी आली नळ!
चाळीस भिंतींवर मी 'ळ' काढला, वीतभर.
तो प्रचारात म्हणायचा, नलावर शिक्का मारा.

समोरचा म्हणाला, हा बाहेरचा.
लधाराम चौकात उभा राहिला, भाषण नाही,
पिशवीतनं पावत्या काढून वाचायला लागला.
साल, रक्कम. साल, रक्कम.
लोक जांभया द्यायला लागले.
सव्वीस वर्षांचा घरफाला, म्हणाला शेवटी,
आणि अख्खी गर्दी ओरडली, ळ!
एकशे बारा मतांनी आला.

मंडईत बायकांसाठी मुतारी बांधून घेतली,
त्यासाठी दोन वर्षं भांडला.
महापौर निवडीआधी सगळ्यांबरोबर
तोही गोव्याच्या सहलीला गेला, लपवत नाही.
आल्यावर आठवडाभर माझ्या दुकानाकडं फिरकला नाही.
मीही बोलावलं नाही.

गेला तेव्हा फ्लेक्स लागले. रंगाचं काम नव्हतं.
चौकाला नाव द्यायचा ठराव पडून आहे.
हात थरथरतोय आता, म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर
सराव करून ठेवतो:
लधाराम चौक.
बरं झालं, ह्यात ळ नाही.
त्याला म्हणता आलं असतं.