चार कागद, एक पाय

होडी आलाओ बेटाला टेकली तेव्हा ओहोटी होती.
गुडघाभर चिखलातून, औषधांच्या पेट्या डोक्यावर घेऊन
आम्ही चौघं चाललो. शेवटच्या वर्षाचे.
चार विद्याशाखा, चार रंगांचे कोट,
आणि एकमेकांची आडनावंही धड पाठ नाहीत.

एलिसेओ नावेलकिन, वय एकाहत्तर, जाळी विणणारा.
डाव्या अंगठ्याखाली नाण्याएवढी जखम,
रक्तातली साखर तीनशेच्या पुढे.

बास्तियाननं पाय पाहिला, लिहिलं:
सहा आठवडे विश्रांती, पाय उशीवर.
रामिरो फिजिओथेरपीचा. पोटरी दाबून त्यानं लिहिलं:
रोज अर्धा तास चालणं.
यास्नानं पट्टी बांधली: रोज बदला,
पाणी अजिबात लागू देऊ नका.
मी आहारशास्त्राची. टपोऱ्या अक्षरात लिहिलं:
बटाटा बंद.
त्या बेटावर, जिथे लहान पोरंसुद्धा
बटाट्याच्या जाती अंधारात बोटांनी ओळखतात,
बटाटा बंद!

म्हातारा प्रत्येकाला हो म्हणाला.
ज्यानं त्यानं आपापल्या वहीत
तो हो टिपून घेतला.

पंधरवड्यानं पुन्हा गेलो.
जखम अंगठा सोडून तळव्याच्या वाटेला लागली होती.
चारही कागद साखरेच्या डब्याखाली,
देवघरातल्यासारखे, एकावर एक.

ओंदिनाबाई आमच्या मार्गदर्शक, चाळीस वर्षं सुईण.
रागावल्या नाहीत. कागद काढले, वाटले,
पण ज्याचा त्याला नाही.
‘मोठ्यानं वाचा.’
मी वाचलं, पाय उशीवर.
यास्नानं वाचलं, रोज चालणं.
रामिरो बटाट्यापाशी अडखळला.
बास्तियाननं वाचलं, पाणी लागू देऊ नका,
आणि बाहेर भरती उंबऱ्याच्या खांबांशी
चुबुक चुबुक करत होती.

‘आता सांगा,’ बाई म्हणाल्या,
‘हा माणूस उद्या सकाळी उठून काय करेल?’

इतकी अवघड तोंडी परीक्षा
आमची कुणी घेतली नव्हती.

हसला तो एलिसेओच.
‘आम्ही इथे घर बदलत नाही, घरच हलवतो.
हे त्या टेकडीवर होतं. बापानं बैल लावले,
सगळं गाव दोरांना धरून.
दोन बाजूंना दोन मुकादम, दोघंही जाणते.
एकानं हाक दिली डावीकडे, दुसऱ्यानं उजवीकडे.
घर पोचलं, नाही असं नाही.
पण तेव्हापासून दार लागत नाही.’

त्या फटीतला वारा मला पहिल्या दिवशीही लागला होता.
मी नुसतं कोटाचं बटण लावलं होतं.

मग आम्ही जमिनीवरच बसलो. भांडलो, चांगलं दोन तास.
रामिरोचं चालणं म्हणजे रस्ता नव्हता,
पोटरीतलं रक्त होतं, ते बास्तियानला तेव्हा कळलं.
खुर्चीत बसूनही ते हलवता येतं, हे मला.
जखमेवर भार नको म्हणजे पायच नको असं नाही,
हे कुणीतरी म्हणालं, कोण ते आठवत नाही.
यास्नानं विचारलं, ‘पट्टी कोण बदलतं?’
कुणीच नाही. त्याला स्वतःचा तळवा दिसत नव्हता.
शेजारची दोमितिला येते, मंगळवारी, शनिवारी,
तेही सरपण द्यायला.
मग पट्टीही मंगळवार, शनिवारचीच निवडली,
दोमितिलाला विचारून.
मी विचारलं, ‘बटाटे किती?’
जो प्रश्न आधी विचारायचा असतो, तो शेवटी.
मुठीएवढा एक, शिंपल्यांबरोबर, असं ठरलं.

एक कागद. चार अक्षरं.
बास्तियाननं स्वतःची पहिली ओळ स्वतःच खोडली,
पेन अडलं, माझं दिलं.

अंगठा गेला शेवटी. पाय राहिला.
उशीर झाला होता, त्यातला पंधरवडा आमचा.

निघताना रामिरोनं दाराखाली
लाकडाची चीप ठोकून पाहिली.
दार तरीही लागलं नाही.
एलिसेओ म्हणाला, ‘राहू दे.
हाक ऐकू येते.’