एकच पिन

बोटीवर चार्जिंगची पिन एकच,
तीही आधी तांडेलाच्या वायरलेसची.
उरल्या तासाभरात काय जगवायचं,
एवढं ठरवायला
हर्णैहून दापोलीला आलो.

परकारशेठनी काचेवर दोन्ही ठेवलं.
गाण्यांची डबी अंगठ्याएवढी,
गंजीच्या खिशात मावेल,
हात जाळ्यात गुंतले तरी कान मोकळे.
मोकळे कुठले?
सहा सिलिंडरचं इंजिन
आठ-आठ दिवस त्यांत भाड्यानं राहतं.

दुसरी पाटी. राखाडी, गप्प.
"हजार पुस्तकं, नि वजन एका पापलेटाचं.
फक्त ओलं बोट चालत नाय तिला."
माझं सुकतं कधी?
बंदीत, दोन महिने.

तरी पाटीच घेतली.
का, ते बायकोलाही सांगता आलं नाही.

तिसऱ्या रात्री जाळं सोडून झाल्यावर
बनियनच्या आतून बोट पुसलं,
पान उलटलं.
काचेवर बांगड्याचं एक खवल
ओळीच्या मधोमध.
भात ढवळता ढवळता हरचंद म्हणाला,
"मोठ्यान वाच की."

इंजिनाच्या वर ओरडून वाचलं:
त्या रात्री गावभर बर्फ पडत होता.

हरचंदनं डाव थांबवला.
"किती लाद्या?"

मी खरंच
मागचं पान काढून बघितलं.