येतो

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याहून जास्त नाही.
दोन ओळी, पाच सेकंद,
मग माणूस काही बोलला होता याचा पुरावा राहत नाही.
करावे गावात, पत्र्याखालच्या माळ्यावर
मी जपानी चित्रांना मराठी बोलायला लावते,
मिनिटाच्या भावानं.

या आठवड्यात पुन्हा तोच आला.
आता चालीवरून ओळखते मी त्याला.

मुळात तो कोळी होता, साधा.
पोरं छळत होती ते कासव त्यानं सोडवलं,
कासवानं पाठीवर घेऊन त्याला समुद्रातळीच्या महालात नेलं.
तीन दिवस राहिला. वर आला तर तीनशे वर्षं उलटलेली,
आई नाही, घर नाही, वाट विचारावी असं कुणी नाही,
आणि हातात पेटी,
उघडू नकोस म्हणून बजावून दिलेली.

तेव्हापासून हिंडतोय बिचारा चित्राचित्रांतून.
मार्चमध्ये तो यानातून उतरला,
दार उघडलं ते नातीनं, तीही त्याच्याहून म्हातारी.
त्याआधी, उजवीकडून डावीकडे वाचायच्या जाड मासिकात
तो दहावी नापास होता, आणि कासव म्हणजे लिफ्ट,
तळमजल्याखाली अजून तीन मजले उतरणारी.
एकदा तर कासवच नायिका. निळे केस,
रुसली की पाठ फिरवायची, पाठीवर षटकोन.
पेटी कधी मोबाइल, कधी कुलूपबंद फाइल,
कधी आईला विचारायचा नसतो असा प्रश्न.
धूर मात्र सगळे सारखाच काढतात:
पांढरा, आधी पायांशी,
मग केसांत.

किती वेळा तेच ते गं, निकेश म्हणतो.
मी म्हणते, हसुरामकाकाला विचार.

काका जहाजावर गेला तेव्हा मी रांगत होते.
एकोणीस वर्षं. मधे फोन, मधे पैसे,
मधे काहीच नाही.
आला तो टॅक्सीनं. ड्रायव्हर विचारी, सेक्टर कितवा?
काका सांगे, धर्माच्या खाजणाशी थांब.
खाजणावर टॉवर, टॉवरचं नाव इटालियन.
पाम बीच रोडवर उभा राहून म्हणाला म्हणे,
जल्ला, यवऱ्या खिरक्या,
आन वलखीचा यक तोंड नाय.

केस काळेभोर होते त्याचे.
आई म्हणाली, भावजींना वय लागलंच नाही.
महिनाभरात मुळांशी पांढरं दिसायला लागलं.
डबी संपली होती,
आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलात तो रंग मिळत नव्हता.

पेटी आमच्याकडे आधीपासूनच होती.
पत्र्याची. बाबांनी ठेवलेली.
आत सातबारा, नोटिसा, मोबदल्याची पावती,
असं आई सांगते, पाहिलं कुणी नाही.
निकेशनं एकदा स्क्रूड्रायव्हर आणला
तर काका त्या पेटीवर जाऊन बसला
आणि तिथेच बसून त्यानं दोन चिंबोऱ्या फोडून खाल्ल्या,
नांग्यांसकट, सावकाश.

तर आजचं दृश्य. तो घरातून निघतोय,
कासव अजून भेटायचंय, आई चुलीशी.
जपानीत निघताना जे म्हणतात
त्याचा सरळ अर्थ, जाऊन येतो.
इंग्रजीवाले इथे अडतात, चार शब्द घालतात, तरी हुकतं.
मला काय अवघड? आमच्यात जाणारा
जातो म्हणतच नाही, कुणी म्हणालं तर आई तोंडावर हात ठेवते.
मी लिहिलं, येतो.
दोन अक्षरं. उरलेल्या चाळीस जागा मोकळ्या.

संध्याकाळी वरून शेरा आला:
कृपया 'जातो' करावे.
तो परत येतो तेव्हा ओळखणारं कुणी नसतं,
म्हणजे तो येत नाहीच. प्रेक्षकांना गोष्ट ठाऊक आहे.

ठाऊक आहे. त्यालाच तेवढी नाही,
अजून चप्पलच घालतोय तो.
मी शेऱ्यापुढे लिहिलं, बदल नाही.

काका बादली घेऊन निघाला होता,
ओहोटी आहे, निवट्या मिळतात जेट्टीपाशी अजून, थोड्या.
जिन्यावरून ओरडला, येतो गं.
मी पडद्यावरून डोळे न काढता हूं म्हटलं.
पाच सेकंद.
मग खाली उतरून बघितलं, तर गल्लीच्या टोकाशी
सेक्टरची पाटी वाचत उभा.