उजवा बूट

कागदावर लिहिलंय : वय अंदाजे दोन वर्षं.
सापडल्याचं ठिकाण : पुसान, मासळीबाजाराचं मागचं दार.
वेळ : पहाटे पाच चाळीस.
अंगावर : पिवळा स्वेटर, डाव्या पायात बूट.
उजवा बूट : नाही.

अंदाजे म्हणजे काय, मी विचारलं होतं.
बाबा जाळं शिवत होता. म्हणाला,
धुक्यात समोरून होडी येते,
भोंगा ऐकू येतो, होडी दिसत नाही,
मग ती किती लांब आहे ते आपणच ठरवतो ना, तसं.

म्हणजे दोन वर्षं मी नुसता भोंगा होते.

शाळेतली बिर्गिट म्हणते, ती आईच्या पोटातून आली.
मी विमानातून आले.
कितीतरी दिवस मला वाटायचं, विमानांनाही मुलं होतात,
म्हणून उतरताना ती एवढी ओरडतात.
चौदा मार्चला आमच्याकडे केक असतो,
त्यावर मेणबत्ती नाही, कागदी झेंडा.
विमानतळावरच्या फोटोत इंगेलिसे रडतेय.
मी नाही. मी तिच्या कोटाचं बटण बघतेय.

वादळ होऊन गेलं की बाबा आणि मी किनाऱ्यावर जातो.
वाळूत कलंडलेल्या जर्मन बंकरांच्या पलीकडे
समुद्रानं रात्रभर ओकलेलं पडलेलं असतं :
दोऱ्या, बाटल्या, मासळीचा निळा क्रेट,
आणि शेवाळात अडकलेले अंबरचे खडे.
बाबा खडा दातांवर आपटून बघतो.
गार लागला, टणकन वाजला, तर दगड.
हे समुद्राचं नाहीच, म्हणतो तो,
समुद्राच्याही आधी एक जंगल होतं, त्याचा डिंक.
कुठे होतं?
तो हात असा मोठा फिरवतो
की त्यात सगळंच बसतं.

छे ओक-सुन.
कागदावरचं नाव मी दातांवर आपटून बघते.
एकदा गार लागतं. एकदा नाही.
तेही आश्रमातल्या कुणा बाईंनी ठेवलेलं,
त्यांच्या यादीत त्या दिवशी छे आडनावाची पाळी होती.

बाबा अंबर शोधतो, मी बूट.
समुद्र खूप बूट टाकतो. रबरी, कातडी,
एकदा तर नाचातला, रिबिनीसकट.
डावे मी परत फेकते.
उजवे उलटे करून वाळू झाडते, आत बघते.

मागच्या गुरुवारी तो सापडला.
लहान, तपकिरी, बाजूला एक बटण. उजवा.
बंकरच्या आडोशाला बसून मी मोजा काढला.
अंगठासुद्धा आत जाईना.
इतकी वर्षं ज्या पायासाठी बूट शोधत होते
तो पाय कधीच निघून गेला होता,
माझ्यातच कुठेतरी, मला न सांगता.

मग मला तिचं वाटलं.
ती, जी कोणी असेल ती, त्या दाराशी मासे मोजत असेल
आणि तिच्या डोक्यात अजून एवढुसाच पाय.
तिला कोण सांगणार?

मी माझा डावा गमबूट काढला, नंबर तेहतीस,
आणि जोर लावून फेकला.
लाटेनं दोनदा आणून दिला.
तिसऱ्यांदा ठेवून घेतला.

घरी इंगेलिसेनं विचारलं, बूट?
समुद्रात गेला.
नवे होते, ती म्हणाली, तीन आठवडेही झाले नाहीत.
उरलेला बूट तिनं उचलला, टाकला मात्र नाही,
दाराशी नीट उभा करून ठेवला.
मग माझा पाय मांडीवर घेऊन
हेरिंगच्या धुराचा वास येणाऱ्या हातांनी
चोळत बसली, बराच वेळ.
मध्येच थांबली. माझा तळवा आपल्या पंज्याला लावून बघितला.
चौतीस घेऊ या वेळी, म्हणाली.