काट्याचं शून्य

बोडीटोल्याच्या उपकेंद्रात
आढ्याला टांगलेला काटा
झोळी रिकामी असली तरी
दोनशे ग्रॅम दाखवायचा.

कुणाचं होतं ते वजन, ठाऊक नाही.
गंजाचं असेल, कोळिष्टकाचं असेल.
नर्सबाई म्हणायच्या,
"दुर्पता, वजा करून सांगत जा."
मी अर्धवेळ परिचर.
झाडू, पाणी, उकळलेल्या कात्र्या
आणि ही वजाबाकी.

मोठ्यांचा काटा खाली, फरशीवर.
डोमा कुंभरे त्यावर उभा राहायचा
टीबीच्या चौथ्या महिन्यात, एकतीस किलो.
वर झोळीकडे बघून हसायचा,
"अजून सहा किलो उतरलो ना बाई,
तं मीबी तेच्यातच बसतो."
झोळीची मर्यादा पंचवीस,
ती त्याला पाठ होती.
नंतर तो चढला. बेचाळीसवर गेला.
आता दिसला की आधी पोटच दाखवतो.

धिवरांच्या बाया बोडीतून थेट यायच्या,
कमरेपर्यंत ओल्या,
बोटांत शिंगाड्याचे काटे मोडलेले.
"लुगड्याच्या पाण्याचं किती धरशीन?"
मी अंदाजाने किलोभर सोडून द्यायची.
बोटांचं कुठं लिहायचं
तो रकाना नव्हता.
उईक्यांच्या पोराची हाडं
थंडीत रात्रभर ठणकायची,
त्यालाही नव्हता. वजन त्याचं बरोबर भरायचं.

मग इमलाची पोरगी आली, तिसऱ्या दिवशी.
काटा अडीचवर थांबला.
अडीच म्हणजे घरी.
दोन तीनशे म्हणजे तालुक्याचा दवाखाना,
इमला, पोरगी आणि सोबतीला कुणीतरी, आठ दिवस.
सासू दारात उभी, पोटऱ्यांना चिखल वाळलेला.
"रोवना सुरू हाये. कोन जाईन तिच्यासंगं?"

नर्सबाईंनी पेन उघडून विचारलं, "किती?"

बाहेर कुणीतरी हँडपंप मारत होतं.
मी म्हटलं,
अडीच.

तेवढंच. निळ्या शाईत एक ओळ.
पोरगी जगली, रांगली, शाळेत गेली.
आचल तिचं नाव. यंदा चौदा.
सोमवारी वर्गासोबत लोहाच्या गोळीला येते.
उपकेंद्राला पायऱ्या पाच,
ती तिसरीवर बसते.
"दम लागते काकू."
बोटाला सुई टोचली की रक्त येतं
पातळ, कोकमाच्या पाण्यासारखं.
मशीन आठ पॉइंट एक म्हणतं.

नव्या नर्सबाईंना मी एकदा सांगून टाकलं.
त्या म्हणाल्या, एका आकड्यानं असं होत नसतं.
सकाळचं जेवण विचारा,
पाळी विचारा, जंत विचारा,
आईचं रक्त बघा.
खरं आहे. मीही सगळं विचारलं.
सकाळी ती काही खात नाही,
शाळेची खिचडी होईपर्यंत.
तरी तिसऱ्या पायरीवर ती बसते
तेव्हा मला हँडपंप ऐकू येतो.

आता बॅटरीचा काटा आलाय.
शून्य म्हणजे शून्य दाखवतो, दोन दशांशांसकट.
जुना निर्लेखनाच्या यादीत गेला.
ती यादी जिल्ह्याला गेली आणि परत आलीच नाही,
म्हणून तो मागच्या खोलीत
फिनेलच्या डब्यांवर लटकलेला.

दर सोमवारी मी लवकर येते.
फुटाणे आणि गूळ घरून आणते,
कागदाच्या पुड्यात बांधून त्याच झोळीत टाकते
काटा चारशेवर येईस्तोवर.
हात मागे घेते, पुडा काढते.
वजाबाकी अजून चुकत नाही.

"मलेच काऊन देतेस काकू? बाकीच्या पोरी बघतात."
"तुझं उसनं हाये माझ्याकडं."
"कवाचं?"
"तू लहान होतीस."

ती खांदे उडवते, पुडा फोडते,
मुठीने अर्धं मैत्रिणींना वाटते,
गुळाचा मोठा खडा धाकट्या भावासाठी
दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवते.
उरलेलं खात खात
पायऱ्या उतरते.
मी दारातून बघते.
तिसरीवर थांबते का, ते.