साल

बँकेचं पत्र कन्नडात आलं.
वैजूनं ओट्याशी उभं राहून वाचलं, अडखळत.
घरात तीच आमची वकील.
'मने' म्हणजे घर, आई. 'साल' म्हणजे कर्ज.
मी म्हटलं, बरोबर लिहिलंय त्यांनी,
पंधरा सालं लागणारच आहेत.

वडगावच्या पुढं, जिथं मागांचा खटखटाट विरतो
आणि भाताची शेतं लागतात,
तिथं आमच्या दोन खोल्या नि एक जिना.
जिना अजून कुठंच जात नाही.
पाच तारखेला नऊ हजार एकशे तीस.
ह्यांचा उद्यमबागेतला पगार सात तारखेला.
मधले दोन दिवस
मी गल्लीत कुणाशी हसून बोलत नाही.

पहिल्यांदा लसणाची चटणी केली.
पाव किलोच्या बारा पिशव्या.
सात नणंदेनं नेल्या, 'देते गे' म्हणून,
दोन आम्हीच खाल्ल्या.
हिशेब केला तर चाळीस रुपये उणे.
वैजूनं ते वहीत लाल पेननं लिहिलं.

मग शिडी.
रंगारी विसरून गेला होता,
चौदा पायऱ्यांची, बांबूची.
निरोप दोनदा धाडला, आला नाही.
कुणाचा नारळ, कुणाची पाण्याची टाकी,
कुणाच्या लग्नाची लायटिंग.
दिवसाला तीस रुपये.
माझ्यापेक्षा ती जास्त घरं फिरून आली.

ह्यांनी रविवारी दारात ग्राइंडर लावला.
विळ्या, कात्र्या, सुताराचा रंधा.
शेजारचा बसवंत खाटीक तीन सुरे घेऊन येतो
आणि पैसे देताना दर वेळी म्हणतो,
मिस्त्री, इतकी धार नको, भीती वाटते.

आणि रात्री काजू.
टेम्पोवाला पत्र्याचे डबे देऊन जातो.
भाजलेले, तांबड्या सालीसकट.
सोलायचे. किलोला वीस रुपये.
गर फुटला तर कापून घेतो,
आणि साल टाकायची नाही,
तीही वजनावर परत न्यायची.
पहिल्या रात्री मी विचारलं,
सालीचं काय करता हो तुम्ही?
म्हणाला, तिलाही गिऱ्हाईक आहे, वैनी.

वैजूला मी हात लावू देत नाही.
तिची बोटं परीक्षेची आहेत.
ती समोर बसून कन्नड पाठ करते,
मी सोलते.
बड्डी म्हणजे व्याज.
असलु म्हणजे मुद्दल.
कंतु म्हणजे हप्ता.
शब्दागणिक एक काजू,
चुकली तर मीही फोडते.

पन्नास रात्रींचे तीन हजार झाले.
चटणीचे उणे चाळीस शिडीनं भरले.
मी स्वतः गेले, नोटा रुमालात.
उप्पिन मॅडमनी मोजल्या, माझी बोटं बघितली,
मेंदी काय, विचारलं.
मी हो म्हटलं.
मग की-बोर्ड वाजला,
चष्म्यावरून म्हणाल्या,
असलु कम्मी आत नोड्री.
शेवटचा एक हप्ता गेला तुमचा.
कुठला शेवटचा?
पंधरा सालातला अगदी शेवटचा. मार्च.

येताना बसमध्ये
त्या मार्चचं काय करायचं सुचेना.
वैजू तेव्हा पंचवीसची असेल.
पाच तारीख येईल
आणि कुणी काही मागणार नाही.
रात्री ह्यांना सांगितलं.
लेथचं तेल घासून काढत म्हणाले,
त्या महिन्यात मी आजारी पडणार.
मुद्दाम.
बिछान्यात पडून जिना बघत बसणार.

तेवढ्यात बल्ब गेला.
शिडी आणा म्हटलं,
तर शिडी परवापासून सांबरेकरांच्या मांडवात.
उद्या मिळेल, आणि साठ रुपयेही.
वैजूनं पुस्तक मिटलं.
मी डबा पुढं ओढला,
अंधारात बोटांनीच चाचपत राहिले
साल कुठं संपते ते.